टकटक्याच्या मागावर

"वाजीव की रे बाबा, लेकरू ऐकून राह्यलं तिकडं."

असं म्हणत मामा माझ्या बूथच्या काचेच्या केबिनमध्ये उभे असायचे. डाव्या हातात रिसिव्हर. उजव्या हाताच्या चिमटीत एक काळपट किडा, आणि त्याचं पोट रिसिव्हरच्या बोलायच्या भोकांना टेकवलेलं. बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली माणसं माना वाकड्या करून बघायची. किडा कधी वाजायचा, कधी नाही. वाजला की केबिनच्या बाहेरसुद्धा बारीक आवाज यायचा, नखावर नख मारल्यासारखा. मग मामांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं, जसं काही ते स्वतःच चार चांगले शब्द बोलून गेले.

"ऐकू आलं का, माय? व्हय, टक्क करून. आता हा तुहा हाय का न्हाई, ते सांग."

पलीकडून उत्तर यायचं. मामा ऐकायचे, मान हलवायचे, रिसिव्हर जागेवर ठेवायचे आणि किडा परत काडेपेटीत टाकून केबिनचं दार ढकलायचे. "न्हाई म्हनते," एवढंच सांगायचे. मग काडेपेटीकडे बघून म्हणायचे, "तकलीफ झाली बिचाऱ्याला." बाहेर जाऊन रस्त्याकडेच्या बाभळीखाली त्याला सोडून द्यायचे.

कनेरगाव नाक्यावर, हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून माझा एसटीडी बूथ होता. लहानपणी पोलिओनं माझा एक पाय गेला, आणि अपंगांच्या कोट्यातून मला हा बूथ मिळाला. पिवळी पाटी, काचेची केबिन, लाल आकडे पळवणारं यंत्र आणि एक खुर्ची. तुम्ही त्या काळात अशा बूथवर गेला असाल, तर तुम्हाला ठाऊक आहे की केबिनची काच आवाज अडवत नाही. नाक्यावरच्या अर्ध्या घरांची सुखदुःखं मला एकाच बाजूनं ऐकू यायची. दुसरी बाजू मी मनानं भरून काढायची. त्या सगळ्यांत मामांची बाजू सर्वांत अवघड. कारण मनुष्य किड्याबद्दल इतकं काय बोलत असेल, हे सुरुवातीला मला काही केल्या भरून काढता येईना.

ते मेंढपाळ होते. पुसेगावकडचे. वर्षातले बरेचसे महिने मेंढरं घेऊन फिरतीवर असायचे. शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घ्यायचे, त्या बदल्यात धान्य द्यायचे. एका शेतातून दुसऱ्या, एका शिवारातून दुसऱ्या. त्यांची वाट वर्षातून काही वेळा नाक्यावरून जायची. उंच, वाळलेला देह, खांद्यावर काळी घोंगडी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बराबर?" असं विचारायची सवय.

पहिल्यांदा आले तेव्हा केबिनकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मी म्हटलं, "मामा, कुठं लावायचा फोन?"

"लावू मंग. आदी हे सांगा ताई, ह्याच्यातून बोलनंच जातं का आवाजबी जातो?"

"दोन्ही एकच की."

"एक कसं? बोलनं मान्साचं. आवाज कशाचाबी असतो. बराबर?"

मला हसू आलं. मी नंबर लावला. औरंगाबादच्या मुलींच्या वसतिगृहाचा. मामांची एकुलती एक मुलगी तिथं राहून शिकत होती. बीएस्सी, एमएस्सी करून आता ती पीएचडीला लागली होती, आणि तिचा विषय होता किडे.

हळूहळू मला सगळी कथा समजली. थोडी त्यांच्याकडून, थोडी काचेतून.

एका सुटीत मुलगी घरी आली होती. मामा डोंगराकडून नुकतेच परतले होते. तिनं अंगणात त्यांची घोंगडी झटकली, तर एक किडा जमिनीवर उताणा पडला. बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब, कॉफीच्या रंगाचा, आणि मानेवर दोन पिवळसर ठिपके, हळद सांडल्यासारखे. पाय हलवले, थांबला, आणि टक्क करून वीतभर उंच उडाला. मुलीनं तो पकडून बाटलीत घातला. बाटलीत औषध होतं. किडा मेला.

"मारला काहून, म्हनलं मी," मामा सांगत होते. "तर म्हनते, आबा, मेला म्हणून तर टिकला. म्या म्हनलं, बाई, आमच्या धंद्यात असं न्हाई."

तो किडा तिनं औरंगाबादला नेला. तिच्या सरांनी तो आणखी मोठ्या माणसांकडे पाठवला. उत्तर यायला कितीतरी महिने लागले. हा किडा कुणा साहेबानं शंभरएक वर्षांपूर्वी एकदाच पाहिला होता, एकाच नगावरून त्याचं वर्णन लिहिलं होतं, आणि त्यानंतर तो पुन्हा कुणाला सापडल्याची नोंद नव्हती. तो कुठं राहतो, काय खातो, त्याची पिल्लं कशी असतात, काहीच माहीत नव्हतं. मुलीनं ठरवलं की आपण हेच शोधायचं. पण सर म्हणाले, एका मेलेल्या किड्यावर अभ्यास होत नसतो. आणखी आण. नाहीतर कापसावरची बोंडअळी घे, ती ढिगानं मिळते.

आता अडचण अशी होती की किडा मामांच्या घोंगडीतून निघाला होता आणि घोंगडी वर्षभर कुठं कुठं फिरली होती. झाडाखाली, बांधावर, ओढ्याकाठी, डोंगरात. किडा तीत नेमका कुठं चढला, कुणास ठाऊक.

"घोंगडी माही हाय," मामा म्हणाले. "मंग किडा हुडकनं बी माहंच काम. बराबर?"

आमच्याकडे त्या जातीच्या किड्याला कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. मामांनी ठेवलं. टकटक्या.

पुढच्या वर्षीपासून मामा मेंढरांबरोबर जुन्या मुक्कामांवरून परत फिरू लागले. जिथं जिथं घोंगडी अंथरली होती, तिथले दगड उलटायचे, सालं काढायची, कुजकी लाकडं फोडायची. जे दिसेल ते काडेपेटीत. खरं सांगायचं तर मामांना किड्यांतलं काही कळत नव्हतं. सहा पाय असलेलं सगळं ते आणायचे. शेणातले भुंगे आणले, धान्यातले सोंडे आणले, एकदा तर झुरळ आणलं. मी म्हटलं, "मामा, हे माझ्या स्वयंपाकघरातपण आहे." ते म्हणाले, "असू द्या. लेकराला इचारू तरी."

वसतिगृहातल्या मावशींना फोन करून मुलीला बोलावून ठेवायला सांगायचं, मग थोड्या वेळानं परत लावायचा, अशी आमची पद्धत. त्या मधल्या वेळात मामा काउंटरवर काडेपेट्या मांडून बसायचे. शेवटी एकदा मुलगीच फोनवर मला म्हणाली, "ताई, तुम्हीच आधी बघत जाल का? मानेवर दोन पिवळे ठिपके. नसतील तर फोनच लावू नका. आबांचे पैसे वाचतील."

तेव्हापासून मी किडे तपासू लागले. तसल्या टकटक करणाऱ्या जाती बऱ्याच असतात, हे मला तेव्हा कळलं. काळे, तपकिरी, राखाडी. सगळे उताणे केले की उडतात. छातीखाली एक काटा असतो आणि समोर एक खाच. मान वाकवून काटा खाचेच्या काठाला अडकवायचा, ताण द्यायचा आणि सोडायचा. माझं काम थांबलं की मी काउंटरवर एखादा उताणा ठेवून बघत बसायची. गिऱ्हाईकंही बघायची. समोरच्या पानटपरीवाल्याला त्यात मोठा अर्थ दिसला. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा, किडा असून शिकवतो. पडलं तरी उठायचं."

मामांनी त्याच्याकडे नवलानं पाहिलं. "कशाचं उठतंय? निम्म्या बारीला पुन्ना उताणंच पडतंय. बघा न तुमी."

आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. किडा उडाला आणि परत उताणा पडला. पानटपरीवाला सुपारी कातरायला निघून गेला.

मामांनी किडा नसला तरी फोन लावणं मात्र थांबवलं नाही. "किडा न्हाई म्हनून बोलू नव्हं का?" असं मला विचारायचे. ठिपकेवाला तर कधीच नसायचा, मग जो असेल तोच रिसिव्हरला लावायचे. मुलीला त्या आवाजावरून जात ओळखता येत नाही, सगळे सारखेच वाजतात, हे तिनं त्यांना कधीच सांगून टाकलं होतं. पण ती ऐकायची. मामा म्हणायचे, "वाजीव की रे बाबा."

असं वर्ष गेलं, दुसरं निम्मं गेलं. ठिपके काही सापडेनात.

मग एका रविवारी मामांचा मेव्हणा नाक्यावर आला. जाडजूड, पांढऱ्या टोपीचा माणूस. मुलीचा मामा तो. त्यानं तिच्यासाठी वाशीमकडचं एक स्थळ आणलं होतं, आणि निरोपावर निरोप पाठवून थकला होता. मामा बूथवर सापडतील हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार. बाकावर बसूनच त्यानं सुरू केलं.

"दाजी, लोकं थांबत नसतेत. पोराकडचे आता शेवटचं इचारून राहिले."

"तिचं शिक्षन चालू हाय."

"शिक्षन कशाचं? किड्याचं? गावात काय म्हंतेत माहीत हाय का तुमाला? पोरीचं लगन टकटक्यापायी अडलं म्हंतेत. हासतेत लोकं."

"हासू दे."

"तिला बोलवा फोनवर. म्या बोलतो."

मामा उठले आणि केबिनच्या दारासमोर उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. "तिला कायबी बोलायचं न्हाई. तिनं न्हाई म्हनलंच न्हाई, म्या म्हनलो. तिला म्या शबुद देला हाय की किडा आनून देतो. माहा शबुद हाय, तिचा न्हाई. किडा सापडंस्तोवर कुनी तिच्या लगनाचं काढायचं न्हाई."

"आन न्हाई सापडला तर?"

मामा दारातून हलले नाहीत. मेव्हणा निघून गेला. मामा परत बाकावर बसले, आणि त्या दिवशी त्यांनी फोन लावलाच नाही. जाताना एवढंच म्हणाले, "ताई, तिच्या सरांनी पावसाळ्यापस्तोर मुदत देली. मंग बोंडअळी."

माझं आयुष्य खुर्चीवरून रस्ता बघण्यात चाललेलं. डोंगर मी लांबून पाहिलेले. पण त्या दिवसांत मला झोपेतसुद्धा हळदीचे दोन ठिपके दिसायचे.

उन्हाळा संपत आला होता. मामांची मेंढरं तेव्हा औंढ्याच्या डोंगरात होती. तिथून नाका लांब, हिंगोलीला एसटी बदलून यावं लागतं. औंढ्यात देवळामुळे बूथ पुष्कळ होते. पण तिथल्या एका पोरानं मामांना काडेपेट्यांसह बाहेर काढलं होतं, म्हणून ते मेंढरं पुतण्याच्या हवाली करून माझ्याकडेच यायचे. त्या दिवशी आले तेव्हा हातात काहीच नव्हतं. हात मात्र मनगटापर्यंत राखेनं भरलेले.

"लावा ताई लेकराला."

मी लावला. मामांनी रिसिव्हर कानाला लावला. मग म्हणाले, "माय, म्याच जाळला."

पुढचं मी काचेतून ऐकलं तसंच सांगते.

"डोंगरातल्या त्या मुक्कामावर गेलतो. चूल तशीच हाय, तीन दगडं. राख बी हाय. मंग याद आलं. त्या साली तिथं पावसाचं शितोडं आलतं. म्या वाळकं लाकूड गोळा केलतं आन भिजू नये म्हून त्याच्यावर घोंगडी टाकलती. त्या लाकडातूनच चढला तो घोंगडीत. दुसरीकडं कुठं घोंगडी लाकडावर टाकलीच न्हाई म्या. आन मंग ते समदं लाकूड जाळलं. भाकरी भाजल्या. किती असतेल आत, काय माहीत."

लाल आकडे पळत होते. मामा राखेच्या हातानं केबिनची काच धरून उभे.

मग त्यांनी मान वर केली. "काय म्हनलीस? वास? ... धुराचा वास कसा म्हंजे? चांगला होता. धुपावानी. देवळात जाळतेत तसा. पोरं म्हनलेबी, आज जेवताना देवळात बसल्यावानी वाटून राह्यलं. ... व्हय, व्हय. सालईचंच लाकूड. दुसऱ्या कशाला येतो तसा वास?"

रिसिव्हर ठेवून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पार बदललेला होता. "ताई, म्हनते, आबा, जाळला म्हून तर झाड कळलं. आता डोंगरातली नुसती मेलेली सालई बघायची. बाकी झाडं सोडून द्या म्हनते." आणि थोडं थांबून, काचेवर उमटलेला आपला काळा पंजा पदरानं पुसावा तसा घोंगडीनं पुसत म्हणाले, "रागावली न्हाई पाहा."

त्यानंतर ते काही आठवडे आले नाहीत. आभाळ भरून यायला लागलं. मला वाटलं, मुदत संपली, बोंडअळी आली.

मग एका दुपारी आले. दमलेले. हाताला कुऱ्हाडीचे घट्टे. मी काउंटरवर काडेपेटी ठेवायला जागा केली, तर त्यांनी मान हलवली. फोन लावून दिला. त्यांचा आवाज अगदी पडलेला.

"न्हाई, माय. सालईत बी न्हाई. मेलेली झाडं हुडकून हुडकून फोडली. आत टकटक्या न्हाई. ... कायबी न्हाई म्हनलं ना. नुसत्या अळ्या. ... कशा म्हंजे? पिवळ्या, तांबूस. तारेच्या तुकड्यावानी कडक. दाबल्या तरी दबत न्हाईत. ... समद्या सालईत हायत. ... कुठं हायत म्हंजे? फेकल्या की. तुला किडा पायजे, अळ्या काय करू? साळुंक्या येऊन बसत्यात झाडावर, त्याइलाच टाकल्या. लई आवडीनं खाल्ल्या."

रिसिव्हरमधून जी किंकाळी आली ती बाकावरच्या माणसांनीसुद्धा ऐकली. मामांनी घाबरून रिसिव्हर कानापासून लांब धरला. केबिनचं दार उघडून मला म्हणाले, "ताई, जरा पाहा बरं, लेकरू रडून राह्यलं का हासून राह्यलं."

मी कुबडीवर उठून रिसिव्हर घेतला. ती दोन्ही करत होती.

"ताई," ती म्हणाली, "आबांना सांगा, तीच. बहुतेक तीच. किडा लाकडात अळी म्हणूनच वाढतो. वर्षानुवर्षं. त्याची अळी आजवर जगात कुणी पाहिलेली नाही. मला किड्यापेक्षा तीच पाहिजे. आबांना म्हणावं, साळुंक्यांना आता काही देऊ नका. मी उद्याच निघते."

मी मामांना सांगितलं. ते बाकावर बसले. मग हळूच म्हणाले, "किड्याचं लेकरू व्हतं ते." पुन्हा थोड्या वेळानं, "बापावर अजिबात गेलं न्हाई पाहा, ताई."

मुलगी आली आणि दोघं बापलेक डोंगरात गेले. मी जाऊ शकत नव्हते. पण परतताना ती वाट वाकडी करून मुद्दाम नाक्यावर आली. आवाजावरून मी तिला उंच समजत होते. निघाली लहानखुरी, चष्मा लावणारी, बापासारखेच रुंद तळवे असलेली. तिच्यापाशी दोन मडकी होती, आत सालईचा भुसा आणि लाकडाचे तुकडे. त्यातली एक अळी तिनं माझ्या तळहातावर ठेवली. गार, गुळगुळीत आणि खरंच तारेसारखी. ती माझ्या हातावरून पुढे गेली, बोटांच्या फटीशी थांबली, आणि तशीच उलटी मागे आली.

"ही लाकडात दुसऱ्या अळ्या खाते, असं मला वाटतं," मुलगी म्हणाली. "खात्री करायची आहे. आतल्या अंधारात कित्येक वर्षं काढते. मग किडा होऊन बाहेर येते, पण बाहेर थोडे दिवसच जगते. आपण जो उडताना बघतो तो शेवटचा भाग."

"म्हंजे वाजतंय ते म्हातारं!" मामा म्हणाले. "आन म्या त्याला धरून वाजीव वाजीव करून राह्यलो."

मुलगी हसली. मग बापाच्या घोंगडीवरची लाकडाची भुकटी झटकायला लागली, आणि झटकता झटकता तिचा हात मंद झाला. "मुदत वाढवून घेईन मी, आबा," ती म्हणाली. "तुम्ही आता कुऱ्हाड ठेवा."

मडकी औरंगाबादला गेली. आता फोन उलट्या दिशेनं येऊ लागले. मामा फिरतीवर असायचे, म्हणून ती मलाच सांगायची. एका मडक्यात दोन अळ्या एकत्र ठेवल्या तर मोठीनं लहानीला खाल्लं. म्हणजे तिचा अंदाज खरा निघाला. मग प्रत्येकीला वेगळा डबा. काही बुरशीनं मेल्या. एक सगळ्यांत मोठी होती, तिच्यावर सगळी भिस्त. ती अळी खरोखर त्याच किड्याची आहे हे किडा बाहेर आल्याशिवाय कुणी मानणार नव्हतं. तोवर मेव्हण्याचं स्थळ दुसरीकडे जुळून गेलं. मामांना मी ते सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. पोरगं चांगलं व्हतं, बसून राहिलं आसतं बिचारं."

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी सकाळी सकाळी तिचा फोन आला. "ताई, दोन ठिपके." एवढंच म्हणाली.

मेंढरं तेव्हा पुसेगावच्या शिवारात होती. मी एसटीच्या ड्रायव्हरला निरोप दिला, त्यानं दुधवाल्याला, दुधवाल्यानं शिवारात. दुसऱ्या दिवशी मामा आले ते केबिनमध्ये शिरतानाच म्हणाले, "खरं हाय का, ताई?"

मी नंबर लावला. मामांनी रिसिव्हर कानाला लावला. डोळे मिटून उभे राहिले. मग एकदम त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. त्यांनी दार उघडलं आणि रिसिव्हर माझ्या कानाशी धरला.

टक्क.

मग मुलीचा आवाज, लांबून, "आबा, ऐकू आलं का?"

"आलं," मामा माझ्या कानाजवळ ओरडले. "आता सोड त्याला. तकलीफ देऊ नको."

तिनं तो सोडला की बाटलीत घातला, हे मामांनी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

तिची पीएचडी झाली. किड्याबद्दल तिनं जे लिहिलं ते परदेशातल्या कुठल्याशा अंकात छापून आलं. त्याच्या शेवटी आभार मानतात, तिथं तिनं बापाचं नाव घातलं होतं. अंकवाल्यांनी विचारलं, हे गृहस्थ कोणत्या संस्थेत असतात? तिनं कळवलं, मेंढपाळ, मुक्काम फिरता. ती ओळ तिनं फोनवर इंग्रजीत वाचून दाखवली आणि मग मराठीत सांगितली. मामांनी विचारलं, "सालईचं लिवलं का त्यात?" लिहिलं होतं. "साळुंक्याचं?" तेही लिहिलं होतं.

तिला अकोल्याच्या पुढे एका कॉलेजात नोकरी मिळाली. लग्न तिनं तिथल्याच एका सरांशी केलं. मेव्हण्यानं तोंड फुगवून जेवणावर देखरेख केली आणि वाढप्यांना दमात घेतलं.

त्यानंतर मोबाइल आले. तुम्ही पाहिलंच आहे काय झालं ते. एकेक करून माझ्या बाकावरची माणसं कमी झाली. मी झेरॉक्सचं यंत्र घेतलं, रिचार्ज ठेवला. केबिनमध्ये कागदाचे गठ्ठे आले. मामांनाही मुलीनं मोबाइल घेऊन दिला होता. तो घोंगडीच्या घडीतून काढून माझ्या हातात द्यायचे. "लावा ताई." मी म्हणायची, "मामा, हे हिरवं बटण दाबलं की झालं." ते म्हणायचे, "तुमच्या हातानं बराबर लागतो." मग गठ्ठे बाजूला सारून केबिनमध्येच उभं राहून बोलायचे. मेंढरं कमी होत चालली होती. चराईची रानं नांगराखाली गेली होती, आणि त्यांचे गुडघेही धरले होते.

शेवटचे आले ते एकटेच, मेंढरांशिवाय. धुतलेलं धोतर, नवा पटका. नात झाली होती, तिला बघायला निघाले होते. हातात घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी जड, लांबट.

"काय आहे, मामा?"

त्यांनी घोंगडीचा कोपरा उलगडून दाखवला. सालईचा ओंडका. एका टोकाला कुजलेला, बोटभर भोकं पडलेला. "लेकरू म्हनलं, आता कॉलेजात नुसतं शिकवनं असतं, किडं बघाया टाइमच न्हाई. किती सालात एक बी टकटक्या पाह्यला न्हाई म्हनली. मंग म्हनलं, न्यावा."

एसटी आली. कंडक्टरनं ओंडका पाहिला आणि म्हणाला, "बाबा, लाकूड टपावर टाका."

"टपावर ऊन लागंल."

"कोनाला?"

"अळ्याला."

अख्खी गाडी हसली. कंडक्टर चांगला होता, त्यानं दोनदा समजावलं. मामांनी मान हलवली. "तुमी जावा. तुमाला टाइम व्हतो." गाडी गेली. मी म्हटलं, मामा, सीटखाली ठेवू दिला असता, अजून थोडं बोलायचं. ते म्हणाले, "तिथं लोकाचे पाय लागतेत."

बराच वेळ बाकावर बसले. आम्ही चहा घेतला. मग ढाब्यावरून जेवून निघालेला एक अकोल्याचा ट्रक मिळाला, रिकाम्या गोण्या घेऊन चाललेला. ड्रायव्हरनं त्यांना केबिनमध्ये बसा म्हटलं, तर यांनी आधी आत इंजिनची ऊब लागते का ते हात घालून पाहिलं आणि मागे ताडपत्रीच्या सावलीत गोण्यांत बसले. ओंडका मांडीवर आडवा घेतला. ट्रक हलला तसा त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला, आणि लगेच तो परत ओंडक्यावर ठेवला.

त्या हिवाळ्यात पुतण्या नाक्यावरून जाताना थांबला आणि त्यानं सांगितलं. मामा लेकीकडे महिनाभर राहिले, मग करमेना म्हणून गावी परत आले. थंडीत ताप आला, दोन-तीन दिवस अंगावर काढला, आणि गेले. उरलेली मेंढरं त्यानं विकली होती.

मुलीचा फोन पुढे कधीतरी आला. माझ्या मोबाइलवर. ती आपल्या लेकीच्या दातांबद्दल सांगत होती, मी झेरॉक्सच्या यंत्राबद्दल. मग मीच विचारलं, "तो ओंडका आहे का गं?"

"आहे. मागच्या अंगणात, सावलीत. रोज थोडं पाणी मारते."

"काही बाहेर आलं?"

"अजून नाही, ताई," ती म्हणाली. "पण एका भोकापाशी काल नवा भुसा पडलेला होता."